काकडीचा दुसरा घोडा

तामोत्सु : ...तर शेवटी विहिरीतच पडलो. विहीर कसली, चार हात खोल खड्डा आणि खाली गाद्या. पाहिलंस ना काल?

योरिको : पाहिलं. दोनदा मेलात.

तामोत्सु : दुसऱ्यांदाही ओळखलंस?

योरिको : मिशी लावली म्हणून नवरा ओळखू येत नाही की काय? आणि ती डावीकडून सुटली होती. मरता मरता हाताने दाबलीत.

तामोत्सु : एवढं बारीक कुणी बघत नाही गं.

योरिको : टोफूवालीने बघितलं. सकाळी दारात उभी राहून म्हणते, "योरिकोबाई, तुमचे यजमान काल फारच छान मेले. पहिल्यापेक्षा दुसरं मरण जास्त आवडलं आमच्याकडे." मी काय म्हणणार? वाकून आभार मानले.

तामोत्सु : बघ, माझेही चाहते आहेत. मालिकेतला तो आंधळा नायक तलवार उपसतो तेव्हा सगळा देश त्याच्याकडे बघत असतो. एकटी टोफूवाली माझ्याकडे बघते.

योरिको : मीही बघते. मिओही बघते. त्याचंच बोलायचंय मला.

तामोत्सु : दे ना तिला फोन. इथे क्योतोत पाऊस आहे म्हणून शूटिंग थांबलंय, नाहीतर एवढा वेळ कुठला मिळायला.

योरिको : ती येत नाहीये.

तामोत्सु : झोपलीय?

योरिको : सकाळचे अकरा वाजलेत, अहो. समोर ओसरीवर बसलीय, शेंगा सोलतेय. मी फोन पुढे केला की मान हलवते. रुसून नाही हं. पोट भरल्यावर भात नको म्हणावं, तसं नको म्हणते.

तामोत्सु : मागच्या बुधवारीही नाही आली.

योरिको : पाच बुधवार झाले. मी मोजलेत. तुम्हाला वाटेल मी उगीच घाबरते—

तामोत्सु : मी काही म्हणालो का?

योरिको : म्हणणार होतात. हे बघा, एप्रिलमध्ये या मालिकेचं नवं पर्व सुरू झालं, तिने पहिल्यांदा तुम्हाला कापलेलं पाहिलं, तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. आठवतंय? मामंजींना जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. आता रडत नाही. तुम्ही पडलात की शांतपणे उठते आणि खेळायला जाते. पुढचा भाग बघतही नाही. मला ते रडणं बरं वाटत होतं.

तामोत्सु : मोठी झाली. साडेचार वर्षांची आहे.

योरिको : मी वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. लहान मुलांच्या मनाची. एकात म्हणतात फार लक्ष देऊ नका. दुसऱ्यात म्हणतात अत्यंत बारकाईने लक्ष द्या.

तामोत्सु : मग दोन्ही कर.

योरिको : थट्टा करू नका. तिने तुम्हाला कधी पाहिलंय, सांगा. मागच्या बोनला, पितरांच्या सणाला, दोन दिवस. मग मार्चमध्ये मामंजी गेले तेव्हा एक दिवस. नव्या वर्षाला तुम्ही आला नाहीत—

तामोत्सु : विशेष भाग होता. अकरा जण मेलो आम्ही त्यात.

योरिको : —आणि बाकी वर्षभर बाप म्हणजे दर मंगळवारी साडेसातला दोन मिनिटं, तीही मरायला. आपल्या टीव्हीत तर रक्तसुद्धा काळं दिसतं. यंदा बोनला, तेराला येताय ना?

तामोत्सु : त्याचंच सांगणार होतो. योरिको, मला वाक्य मिळालंय.

योरिको : कसलं वाक्य?

तामोत्सु : बोलायचं. म्हणजे, तोंडाने.

योरिको : ...खरं?

तामोत्सु : सतराला सकाळी आहे ते. होडीवाला आहे मी. आंधळा नदीकाठाने येतो आणि मी म्हणतो, "पुढे पूल नाही, महाराज." एवढंच. पण शेवटच्या पाट्यांमध्ये नाव येणार. सहा वर्षांत पहिल्यांदा.

योरिको : आणि मग मारतो तो तुम्हाला?

तामोत्सु : आंधळा नाही मारत. दुसरे मारतात, त्याला वाट सांगितली म्हणून.

योरिको : म्हणजे मरताच.

तामोत्सु : मरतो. पण बोलून.

योरिको : अभिनंदन. खरंच. मला आनंद झालाय, आवाजावरून वाटत नसेल तरी.

तामोत्सु : म्हणून म्हणत होतो, की बोनला नाही आलो तर... सतराला सकाळी सातला हजर राहायचंय. आदले दोन दिवस इथेच असलेलं बरं.

योरिको : नाही. सासूबाईंचा मामंजींनंतरचा हा पहिला बोन आहे आणि तुम्ही एकुलते एक आहात, हे झालं जगासाठी. माझ्यासाठी सांगते. मिओ तुम्हाला विसरत चाललीय असं वाटतंय मला. या. तिच्यासमोर बसा, जेवा, खोकला, घोरा. तेराला या आणि सोळाला दुपारच्या बसने जा.

तामोत्सु : बरं.

योरिको : नक्की?

तामोत्सु : नक्की. तिला सांग, बाबा येतोय म्हणून.

योरिको : मिओ, बाबा तेराला येतोय! ...अहो, "माहितीये" म्हणाली.

* * *

मिओ : आई, हा उभाच राहत नाही.

योरिको : मागचे पाय लांब झालेत. आण इकडे, काडी थोडी मोडते. आज तेरा तारीख, आजी देवळातून यायच्या आत सगळं मांडून झालं पाहिजे. हं, बघ आता. हा काकडीचा घोडा, आणि—

मिओ : वांग्याचा बैल. घोड्यावरून पितर पटकन येतात आणि बैलावरून हळूहळू जातात. मला येतं सगळं.

योरिको : आजीने सांगितलं?

मिओ : जाताना हळू जातात, कारण त्यांना जायचं नसतं.

योरिको : शहाणी गं माझी. अगं, पण हा इथे आणखी एक घोडा कुणी ठेवला?

मिओ : मीच केला. सकाळी. बघ, याचे पाय कसे बरोबर आलेत.

योरिको : छान आलेत. पण आजोबांना एक पुरे की. दोन घोड्यांवर कसे बसतील?

मिओ : हा आजोबांचा नाही. बाबाचा आहे.

योरिको : बाबा रेल्वेने येतो, राणी. नागोयाला गाडी बदलून. आपण गेलो नव्हतो का स्टेशनवर?

मिओ : मागच्या वर्षी घोडा केला नव्हता ना, म्हणून. म्हणून उशिरा आला. आणि आजोबांच्याच घोड्यावर दोघं बसले तर काकडी मोडेल.

योरिको : मिओ, इकडे बघ. घोडे कुणासाठी असतात?

मिओ : मेलेल्यांसाठी.

योरिको : मग?

मिओ : मग काय?

योरिको : बाबा मेला असं तुला कुणी सांगितलं?

मिओ : कुणी नाही. मी बघितलं. विहिरीत पडला.

योरिको : ते खोटं असतं. नाटक असतं. मी सांगितलंय ना तुला कितीदा? तलवार बोथट असते. बाबा उठतो, कपडे झटकतो आणि चहा प्यायला जातो.

मिओ : तू असं नव्हतं सांगितलं.

योरिको : मग काय सांगितलं होतं?

मिओ : मी रडत होते तेव्हा. तू म्हणालीस, "रडू नकोस, तो मेला तरी परत येतो."

योरिको : ...असं म्हणाले मी?

मिओ : हो. आणि परत आला पण, पुढच्या मंगळवारी. मग परत मेला. आजी म्हणते आजोबा पण परत येतात, बोनला. बाबा बोनलाच येतो ना?

योरिको : त्या दिवसांत त्याला सुट्टी असते. सगळ्यांनाच असते. आणि मार्चमध्ये आला होता की! तेव्हा कुठे बोन होता?

मिओ : तेव्हा आजोबांना न्यायला आला होता. काळे कपडे घालून.

योरिको : अगं, त्याला त्याच दिवशी कामावर परत जावं लागलं.

मिओ : हो. आजोबा पण त्याच दिवशी गेले.

योरिको : मिओ, ऐक. बाबा जिवंत आहे.

मिओ : हो.

योरिको : हो म्हणजे काय? नीट ऐकलंस?

मिओ : आजी पण म्हणते. "आजोबा कुठे गेले नाहीत, इथेच आहेत." रोज भात ठेवते त्यांना. गरम.

योरिको : ते वेगळं. बाबा फोन करतो ना दर बुधवारी? बोलतो ना?

मिओ : आजी पण बोलते आजोबांशी. घंटी वाजवून. आणि बोलून झालं की रडते. तू पण फोन ठेवलास की न्हाणीघरात जाऊन रडतेस. पाणी सोडून.

योरिको : ...तू त्यासाठी फोनवर येत नाहीस?

मिओ : मला रडायला येत नाही आता. मग कशाला यायचं?

योरिको : किती वाजले? तू इथेच बस. त्या काड्या तोंडात घालू नकोस. मी एक फोन करून येते.

मिओ : बाबाला? अगं, तो आता निघाला असेल. मी आधीच घोड्याचं तोंड इकडे करून ठेवलं होतं.

* * *

(त्याच संध्याकाळी. दारापुढे मडक्याच्या खापरीवर पितरांच्या स्वागतासाठी भूर्जाची साल जळते आहे.)

मिओ : या. पायाखाली बघून या, विस्तव आहे.

तामोत्सु : मिओ! केवढी झालीस! थांब, तुला उचलून बघतो. अगं, मागे का सरतेस?

मिओ : वाटेत त्रास झाला का?

तामोत्सु : त्रास म्हणजे, नागोयापासून उभ्याने आलो. बसायला जागा कुठली. आज सगळेच आपापल्या गावी निघालेत.

मिओ : आजोबा मागे आहेत का?

तामोत्सु : आजोबा?... आजोबा तर मार्चमध्ये गेले ना, बाळ.

मिओ : हो. तुम्हीच नेलंत. ते बरे आहेत ना?

तामोत्सु : योरिको, ही काय बोलतेय?

योरिको : मिओ, आत जा. आजी गोड सारणाचे मांजू तळतायत ना, त्यांना सांग गॅस मंद करा म्हणून. पळ.

मिओ : आजी! आले गं! दोघंही आले!

तामोत्सु : दोघंही? मला "तुम्ही" म्हणते? शाळेत घातलंस की काय कुठल्या?

योरिको : तुम्ही निघायच्या आधी गाठायचं होतं मला. दुपारी तुमच्या वसतिगृहात दोनदा फोन केला, मग स्टुडिओत केला. निघाले म्हणाले.

तामोत्सु : आईची तब्येत?

योरिको : ठणठणीत आहेत. तुम्हाला येऊ नका सांगायचं होतं.

तामोत्सु : मागच्या आठवड्यात या म्हणून हट्ट धरलास, आणि आज येऊ नका?

योरिको : बोनला नको, एवढंच. बोन सोडून कधीही. ती तुम्हाला मेलेला समजते.

तामोत्सु : कोण?

योरिको : मिओ. दर मंगळवारी मरताना बघते आणि वर्षातून एकदा पितरांबरोबर घरी आलेला बघते. तिचा हिशेब चुकलाय असं मला म्हणताच येईना. तो बघा, तिथे दगडावर तुमचा घोडा. काकडी निवडून घेतलीय. आजोबांच्यापेक्षा चांगली.

तामोत्सु : ...हा?

योरिको : हा.

तामोत्सु : पाय चांगले केलेत.

योरिको : अहो, हसू नका.

तामोत्सु : हसत नाहीये मी. धूर जातोय डोळ्यांत. आता मी काय करू? आत जाऊ की नको?

योरिको : या. पण विस्तवावरून ओलांडून येऊ नका. बाजूने या. पाहुणे येतात तसे, अंगणातून.

* * *

योरिको : गेल्या दोघी?

तामोत्सु : वळणापर्यंत दिसत होत्या. आईने फुलं आणि पाण्याची बादली घेतलीय, मिओने उदबत्त्या. वळणावर तिने मागे बघून मला नमस्कार केला. हात जोडून. आता थडग्यासमोर करील तसाच.

योरिको : उद्या सोळा.

तामोत्सु : माहितीये. परवा रात्री तीन वाडगे भात खाल्ला मी तिच्यासमोर. पोट फुटायची वेळ आली. आईला म्हणते काय, "आजोबा एवढं नाही खात."

योरिको : काल अंगणात ते मरून दाखवायची कल्पना तुमचीच होती.

तामोत्सु : मला दुसरं काय येतं? चार वेळा मेलो, चार वेळा उठलो. आईने ओसरीवरून ओरडून सांगितलं, सणावारी दारात असले अभद्र खेळ करू नकोस म्हणून.

योरिको : मिओने टाळ्या वाजवल्या.

तामोत्सु : टाळ्या वाजवल्या, आणि म्हणाली, "छान उठता तुम्ही. आजोबांना पण शिकवा."

योरिको : मला नाही सांगितलंत हे.

तामोत्सु : सांगून काय करू? तू रात्रभर त्या पुस्तकात तोंड घालून बसलीस.

योरिको : त्यात हे नाहीये. मी अनुक्रमणिका बघितली. "वडील दिसत नसल्यास" आहे, "वडील वारल्यास" आहे. आपलं दोन्हीत बसत नाही.

तामोत्सु : तुला ठाऊक आहे का, कुरोइवासाहेब मारामारीच्या वेळी डोळे खरोखर मिटतात?

योरिको : तो आंधळ्याचं काम करणारा नट? एवढ्या तलवारी चालू असताना?

तामोत्सु : उघडे ठेवले तर बुबुळं हलतात आणि कॅमेऱ्यात कळतं. म्हणून घट्ट मिटतात. मग त्यांना कळायचं कसं, कोण कुठून येतोय? आम्ही सांगतो. मी येताना डावा पाय जमिनीवर घासतो, दोनदा, आणि नाकाने श्वास घेतो. ते वळतात आणि मला कापतात. नवीन पोरं घाबरून आवाजच करत नाहीत, मग त्यांना खरंच लागतं. साहेब म्हणतात, "तामोत्सु असला की मला दिसतं."

योरिको : म्हणजे तुम्हीच त्यांना सांगता, मला इथे मारा.

तामोत्सु : तेच काम. सहा वर्षं मी त्या माणसाला डोळे मिटून कळेल असं सांगतोय, मी इथे आहे म्हणून. आणि ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघते, आणि हिला काही सांगता येत नाही.

योरिको : उद्या जाऊ नका.

तामोत्सु : योरिको...

योरिको : उद्या संध्याकाळी निरोपाचा जाळ होईल, सगळे पितर जातील. परवा सकाळी तुम्ही इथेच असलात, दात घासताना दिसलात, तर तिला कळेल. बाकी कशाने नाही कळायचं. फक्त एक दिवस.

तामोत्सु : तो एक दिवस म्हणजे सतरा.

योरिको : माहितीये मला.

तामोत्सु : सतराला सातला मी नसलो, तर सव्वासातला दुसरा कुणीतरी म्हणेल, "पुढे पूल नाही, महाराज." पंचवीस जण आहेत आमच्या खोलीत. सगळ्यांना ते वाक्य पाठ आहे. मी रोज म्हणून म्हणून त्यांचंही पाठ झालंय.

योरिको : आणि मिळालं तर काय होईल? पुढे?

तामोत्सु : एक मिळालं की दुसरं मिळतं. बोलणाऱ्याला वर्षाचा करार देतात. मग दोन खोल्या घेता येतील क्योतोत. तू, मी, ती. संध्याकाळी घरी यायचं, घामाचा वास मारत. तिला माझा कंटाळा येईपर्यंत रोज यायचं.

योरिको : आणि तोवर ती मला विचारील, बाबाला उदबत्ती लावायची का.

तामोत्सु : असं बोलू नकोस.

योरिको : मग कसं बोलू? काल ती सासूबाईंना विचारत होती, "बाबाचा फोटो आजोबांच्या शेजारी का नाही ठेवला?" त्यांनी तिला एक धपाटा घातला आणि मग दोघी रडल्या. म्हणजे, सासूबाई रडल्या. ती बघत होती.

तामोत्सु : ...राहतो मी.

योरिको : खरं?

तामोत्सु : राहतो. फोन करून सांगतो, ताप आलाय. तू म्हणशील तसं.

योरिको : असा चेहरा करून राहणार?

तामोत्सु : कसला चेहरा?

योरिको : कापल्यावर पडायच्या आधी करता तो. मंगळवारचा. सहा वर्षं बघतेय मी. अजून सहा वर्षं तोच बघत बसायचा का मी? नको. जा तुम्ही.

तामोत्सु : आता जा म्हणतेस?

योरिको : जा. पण संध्याकाळी नाही, जाळ झाल्यावर नाही. उद्या भर दुपारी जा, दीडच्या बसने, सगळ्यांदेखत, ती बॅग घेऊन. मी तिला घेऊन येते थांब्यावर. आणि सप्टेंबरात तिला घेऊन मीच येईन क्योतोला. कुठलाही सण नसेल असा दिवस बघून. तुमच्या वसतिगृहात बायकांना चालत नाही, तर नाही चालत. स्टेशनवर भेटा. बाकावर बसू.

तामोत्सु : तोवर?

योरिको : तोवर मला माहीत नाही. त्या तुमच्या आंधळ्याला विचारा.

* * *

योरिको : एक वाजून बावीस झाले. घड्याळ पुढे आहे माझं, तरी पण. मिओ, टोपी घाल. उन्हात उभी राहू नकोस, बाकावर बस, बाबाच्या शेजारी.

मिओ : तुम्ही आत्ताच जाणार? बैल तर घरीच आहे.

तामोत्सु : मी बसने जातो. बैल आजोबांना राहू दे.

मिओ : बरं.

योरिको : पाण्याची बाटली घेतलीत? आणि ते मांजू वरच्या कप्प्यात आहेत, आज संध्याकाळपर्यंत खा, उद्या आंबतील.

तामोत्सु : हो गं. उद्याचं वाक्य म्हणून बघू का एकदा? पुढे पूल नाही, महाराज.

योरिको : "पुढे" वर जोर देऊ नका. त्याला दिसत नाही, ऐकू येतं. हळू सांगितलंत तरी थांबेल तो.

तामोत्सु : दिग्दर्शक जोर दे म्हणतो.

योरिको : मग द्या. मी आपलं मला वाटलं ते सांगितलं.

तामोत्सु : काय उकडतंय. पँट जरा वर दुमडतो, कुणी बघत नाहीये.

योरिको : मी बघतेय. आणि समोरची दुकानदारीण पण.

मिओ : हे काय आहे?

तामोत्सु : कुठलं?

मिओ : हे. पायावर. निळं आहे आणि कडेने पिवळं.

तामोत्सु : ते होय. देवळाच्या पायऱ्यांवरून गडगडत यायचं होतं, मागच्या सोमवारी. सात वेळा पडलो. सातव्यांदा बरोबर पडलो.

योरिको : हे मला नाही दाखवलंत.

तामोत्सु : दाखवण्यासारखं काय त्यात? सगळ्यांनाच असतात.

मिओ : आजोबांचा गुडघा दुखायचा. पाऊस यायच्या आधी.

तामोत्सु : हो. फार दुखायचा. मला आठवतंय.

मिओ : आजी म्हणते, आता त्यांना काही दुखत नाही. कुठेच नाही.

तामोत्सु : खरं आहे ते.

मिओ : हे दुखतं?

तामोत्सु : नुसतं नाही दुखत. दाबलं की... आई गं!

योरिको : मिओ! असं दाबतात का कुणाला? हात काढ आधी!

तामोत्सु : राहू दे. योरिको, राहू दे तिला.

मिओ : दुखलं?

तामोत्सु : दुखलं. खूप.

मिओ : खोटं?

तामोत्सु : पडलो ते खोटं होतं. दुखतंय ते खरं.

मिओ : तुझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तामोत्सु : आलं ना? बघ.

योरिको : अहो, बस आली.

मिओ : अजून एकदा दाबू?

तामोत्सु : दाब.